दिवा काढून काटा बसवताना

१७ एप्रिल १९६४ या दिवशी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्ड कंपनीने मस्टँग लोकांसमोर आणली. लांबलचक बॉनेट, आखूड डिकी आणि किंमत २,३६८ डॉलरपासून पुढे. पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांहून अधिक गाड्या खपल्या. बाहेरून ती धावायला उतावीळ झालेली दिसे. स्टिअरिंगमागे बसल्यावर मात्र कळे, की डॅशबोर्ड फाल्कनच्या घरातला आहे. फाल्कन म्हणजे फोर्डचीच काटकसरी, कुटुंबवत्सल गाडी. मध्ये आडवा स्पीडोमीटर, एका बाजूला पेट्रोलचा काटा, दुसऱ्या बाजूला पाण्याच्या तापमानाचा. इंजिनातल्या तेलाचा दाब आणि बॅटरीचं चार्जिंग यांना काटेच नव्हते. त्यांच्या वाट्याला एकेक दिवा आला होता.

बरोबर वर्षाने, एप्रिल १९६५ मध्ये, फोर्डने मस्टँगसाठी जीटी पॅकेज काढलं. त्यात पाच गोल डायलांचा डॅशबोर्ड होता. मध्ये मोठा स्पीडोमीटर, आजूबाजूला चार छोटे डायल: पेट्रोल, तापमान, तेलाचा दाब आणि अँपिअर मीटर. १९६६ च्या मॉडेलपासून हा डॅशबोर्ड प्रत्येक मस्टँगला मिळाला. कारखान्याने वर्षा-दोन वर्षांत केलेला हा बदल १९६५ च्या साध्या मस्टँगचे मालक साठ वर्षांनंतरही आपापल्या गॅरेजमध्ये हाताने करत आहेत. त्यासाठी नव्याने घडवलेल्या पाच डायलांच्या चौकटी मिळतात, जुन्या वायरिंगला जोडायचे तयार तुकडे मिळतात. वरवर पाहता संध्याकाळभराचं काम. पण दिव्याच्या मागे नेमकं काय असतं, हे समजून न घेता हात घातला तर धडधाकट गाडीचं चार्जिंग थांबतं. त्याहून वाईट म्हणजे, काटा सुखाने वर उभा राहतो आणि इंजिन आत कोरडं पडतं.

आधी दिवा काय सांगतो ते पाहू. तेलाच्या दिव्याच्या दुसऱ्या टोकाला इंजिनच्या ब्लॉकमध्ये एक छोटा स्विच असतो. त्यात एक पडदा आणि एक स्प्रिंग. तेलाने पडदा पुरेसा दाबला की संपर्क तुटतो आणि दिवा विझतो. दाब चौरस इंचाला पाच-सात पाउंडांच्या खाली आला की संपर्क जुळतो आणि दिवा लागतो. एवढंच त्याचं ज्ञान. मस्टँगच्या २८९ घनइंची व्ही-८ इंजिनमध्ये तेल गरम असताना, मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर, पस्तीस ते साठ पाउंड दाब अपेक्षित असतो. म्हणजे चाळीस पाउंडांपासून सहा पाउंडांपर्यंतची सगळी उतरंड हा दिवा गप्प राहून पाहतो.

या उतरंडीतच इंजिनची सगळी कहाणी असते. क्रँकशाफ्ट बेअरिंगला टेकून फिरत नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. बेअरिंग झिजली की फट वाढते, फटीतून तेल निसटतं, दाब कमी होतो. कार्बोरेटर गळून पेट्रोल तेलात उतरलं तर तेल पातळ होतं, त्यानेही दाब कमी होतो. इंजिनच्या तळाशी तेल साठतं त्या संपमध्ये ते कमी असेल तर वळणावर ते एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि काटा क्षणभर लटपटून पुन्हा जागेवर येतो. जाणता चालक त्या एका लटपटीवरून पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी थांबवून डिपस्टिक काढतो. जुन्या मेकॅनिकांचा ढोबळ हिशेब आहे: दर हजार फेऱ्यांमागे दहा पाउंड दाब हवा. महामार्गावर इंजिन तीन हजारांवर फिरतंय आणि दाब बारा पाउंड आहे, तर बेअरिंग उपाशी आहेत आणि दिवा मात्र विझलेलाच आहे.

तापमानाच्या दिव्याची तऱ्हा याहून बिकट. साठच्या दशकातल्या कितीतरी अमेरिकन गाड्यांत पाण्यासाठीही काटा नव्हता. थंड इंजिनला हिरवा दिवा आणि उकळत्या इंजिनला लाल, अशी जोडी असे. जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांत लाल दिव्याचा स्विच सुमारे १२५ अंश सेल्सिअसला लागतो. थर्मोस्टॅट उघडतो ८२ ते ९१ अंशांना. मधल्या तीसेक अंशांत रेडिएटर तुंबतो, पंख्याचा पट्टा सैल होतो, आणि चालकाला पत्ता नसतो.

सुरुवातीपासून असं नव्हतं. फोर्डच्या मॉडेल टीला तर डॅशबोर्डवर जवळपास काहीच नसे. म्हणून १९१२ मध्ये बॉइस मोटोमीटर आलं. रेडिएटरच्या झाकणावर बसवलेला हा थर्मामीटर चालकाला काचेतून समोर दिसे आणि पाण्यावरच्या वाफेचं तापमान सांगे. पुढे काटे आत आले. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपच्या पत्र्याच्या डॅशबोर्डवर पाच स्वतंत्र डायल होते: वेग, पेट्रोल, तेलाचा दाब, तापमान आणि अँपिअर. युद्धाच्या चिखलात गाडी कुठे बंद पडेल हे आधी कळणं सैनिकासाठी जिवाचा प्रश्न होता, त्यामुळे तिथे कंजुषी झाली नाही. त्याच विलिस जीपची जुळणी महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत सुरू केली. महाराष्ट्रात जुन्या जीप सांभाळणाऱ्यांना हा पाच काट्यांचा पत्रा चांगला ठाऊक आहे.

दिव्यांची वाट हडसन कंपनीने १९३० च्या दशकातच दाखवली होती. पण ती रुळली पन्नाशीत. १९५५ च्या शेवरलेमध्ये डायनॅमो आणि तेलाचा दाब यांचे काटे जाऊन दिवे आले, आणि अमेरिकेतली सर्वाधिक खपणारी गाडीच दिव्यावर गेल्यावर बाकीच्यांना संकोच उरला नाही. शेवरले बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा मुंबईतल्या शिवडीचा जुळणी कारखाना १९५४ मध्ये बंद झाला होता, म्हणजे ही लाट यायच्या आधीच. दिव्यामागचं गणित सरळ होतं: एक बल्ब, एक स्विच, एक तार. काट्याला कॉइल, डायल, मोजमाप करणारा सेंडर आणि हे सगळं जुळवून बसवणारा कामगार लागतो. लाखोंच्या उत्पादनात प्रत्येक गाडीमागे वाचलेला डॉलर मोठा असतो. अमेरिकन मेकॅनिकांनी मात्र या दिव्यांना ‘इडियट लाइट’ असं नाव ठेवलं, आणि ते चिकटलं.

दिव्यावर अन्याय होऊ नये म्हणून फोक्सवॅगन बीटलचं उदाहरण द्यायलाच हवं. १९६१ च्या ऑगस्टपर्यंत या गाडीला पेट्रोलचाही काटा नव्हता. टाकी संपत आली की पायाने एक खटका फिरवून राखीव पेट्रोल सुरू करायचं. डॅशबोर्डवर तेलासाठी एक दिवा आणि डायनॅमोसाठी एक. पण बीटलचं इंजिन हवेने थंड होतं, आणि थंड करणारा पंखा डायनॅमोच्याच शाफ्टवर बसतो. पट्टा तुटला की डायनॅमो थांबतो, लाल दिवा त्याच क्षणी लागतो, आणि चालकाला एका दिव्यात दोन बातम्या मिळतात: चार्जिंग गेलं आणि इंजिन आता तापणार. इथे अँपिअरचा काटा बसवून दिवा काढून टाकणं हा शुद्ध तोटा आहे. पट्टा तुटल्यावर किती क्षणांत चालकाची नजर काट्याकडे जाईल, याची खात्री कोण देणार? अंधाऱ्या डॅशबोर्डवर अचानक पेटलेला लाल ठिपका नजर खेचून घेतो, काट्याला ते जमत नाही.

म्हणूनच चांगलं रूपांतर म्हणजे काटाही आणि दिवाही. विमानाच्या कॉकपिटमध्ये दोन्ही असतात. रेसिंगच्या गाड्यांत काट्यांशेजारी भलामोठा तेलाचा दिवा असतो. काही रेसर तर डायलच फिरवून बसवतात, म्हणजे सगळं ठीक असताना प्रत्येक काटा बाराकडे उभा दिसतो आणि एखादा कलला की नजरेच्या कडेतूनही कळतं.

आता प्रत्यक्ष काम. मस्टँगच्या ब्लॉकवर पुढे डाव्या बाजूला, ऑइल फिल्टरजवळ, तेलाचा स्विच असतो. काट्यासाठी तो काढून तिथे सेंडर लावायचा. हे दोन भाग एकाच भोकात बसतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. स्विचला दोनच अवस्था ठाऊक: जोडलेला किंवा तुटलेला. सेंडर दाबानुसार आपला रोध बदलतो. फोर्डच्या या पिढीत दाब शून्य असताना सुमारे ७३ ओहम, पूर्ण दाबाला सुमारे १०. स्विच तसाच ठेवून नवा काटा जोडला तर इंजिन चालू असताना काटा शून्यावर पडून राहतो, आणि इंजिन बंद करून नुसती चावी फिरवली तर थेट वरच्या टोकाला जातो. नेमकं उलट.

बाजारात मिळणारा कुठलाही सेंडर चालेल असं समजणाऱ्यांची गत याहून वाईट होते. स्टुअर्ट-वॉर्नर पद्धतीच्या अमेरिकन सेंडरमध्ये शून्य दाबाला २४० ओहम आणि पूर्ण दाबाला ३३. जर्मन व्हीडीओ सेंडरमध्ये क्रमच उलटा: शून्याला १०, पूर्ण दाबाला १८०. हा व्हीडीओ सेंडर फोर्डच्या काट्याला जोडला तर दाब शून्य झाल्यावर काटा भरभक्कम दाब दाखवेल. इंजिन सीझ होईपर्यंत चालक निश्चिंत. अशा काट्यापेक्षा जुना दिवा हजारपट बरा. म्हणून नवा सेंडर बसवण्याआधी काट्याच्या तारेला पहिल्यांदा ७३ ओहमचा आणि मग १० ओहमचा रोधक लावून पाहायचा. पहिल्यात काटा खालच्या खुणेवर आणि दुसऱ्यात वरच्या खुणेवर आला तर डॅशबोर्डकडची बाजू बरोबर आहे.

स्विच आणि सेंडर दोन्ही ठेवायचे असतील तर पितळेची टी आणि थोडी लांब नळी लागते. इथे एक बारीक गोष्ट. सेंडरला अर्थ, म्हणजे विजेचा परतीचा मार्ग, मिळतो तो त्याच्या आट्यांतूनच. गळती नको म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेपचे भरमसाट वेढे दिले, तर तेल थांबतं आणि अर्थही. मग काटा मेल्यासारखा पडून राहतो आणि दोष बिचाऱ्या डायलला लागतो.

डॅशबोर्डच्या मागे आणखी एक छोटा डबा असतो, त्याच्याशी ओळख करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. फोर्डचे पेट्रोल, तापमान आणि तेलाचे काटे बारा व्होल्टवर चालत नाहीत. त्या डब्यातली दोन धातूंची पट्टी तापून वाकते, संपर्क तोडते, निवून परत जोडते. अशा उघडझापीतून काट्यांना सरासरी पाच व्होल्ट मिळतात. काट्यांच्या आतही तशीच तापणारी पट्टी आहे. ती सावकाश वाकते म्हणून टाकीत पेट्रोल हिंदकळलं तरी काटा नाचत नाही. तेलाच्या काट्यात हाच गुण दोष ठरतो, कारण दाब एकदम कोसळला तरी काटा निवांत खाली येतो. दिवा ठेवायला हे आणखी एक कारण. या डब्याचा अर्थ सुटला किंवा कुणी घाईत नव्या काट्याला थेट बॅटरीची तार जोडली, तर काटे वरच्या टोकाला धडकतात आणि आतली कॉइल जळते.

खरी गंमत चार्जिंगच्या दिव्यात आहे. तेलाचा दिवा निव्वळ निरोप्या आहे. तो काढला तरी इंजिनला काही फरक पडत नाही. चार्जिंगचा दिवा सर्किटचा भाग आहे. अल्टरनेटरला वीज तयार करायला आधी थोडी वीज द्यावी लागते, म्हणजे रोटरमध्ये चुंबकत्व येतं. दिव्याच्या गाडीत हा पहिला प्रवाह चावीपासून दिव्यातून, चार्जिंग ताब्यात ठेवणाऱ्या रेग्युलेटरकडे जातो. दिवा गेला की बॅटरी चार्जच होऊ नये अशी आफत टाळण्यासाठी फोर्डने वायरिंगमध्ये दिव्याला समांतर १५ ओहमचा रोधक ठेवला होता.

मस्टँगच्या रेग्युलेटरला चार टोकं असतात: ए, एफ, एस आणि आय. दिव्याच्या गाडीत दिव्याची तार आय टोकाला जाते आणि अल्टरनेटरच्या स्टेटरची तार एस टोकाला. काट्याच्या गाडीत आय टोक मोकळं राहतं आणि चावीची वीज थेट एस टोकाला मिळते. पाच डायलांचा डॅशबोर्ड बसवणाऱ्याने हा बदल केला नाही, तर नवे डायल झगमगतात, काटे हलतात, आणि दोन दिवसांनी सकाळी गाडी स्टार्ट होत नाही. बॅटरी बदलली जाते, मग अल्टरनेटर बदलला जातो, आणि खरा दोष त्या एका तारेत असतो. जनरल मोटर्सच्या सत्तरीतल्या अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर आतच असतो, पण तत्त्व तेच. एक क्रमांकाच्या टोकाला दिवा नसेल तर त्याच्या जागी रोधक हवा.

मग काटा कुठला, अँपिअरचा की व्होल्टचा? कारखान्याने १९६५-६६ च्या मस्टँगमध्ये अँपिअर मीटर दिलं. त्याच्या पाठीमागे एक कडी आहे आणि चार्जिंगची जाड तार तिच्यातून नुसती ओवलेली असते. तारेतून जाणाऱ्या प्रवाहाच्या चुंबकत्वाने काटा हलतो. रचना सुरक्षित, पण काटा इतका मंद की मालक वर्षानुवर्षं तो बंद पडला आहे असंच समजतात. हेडलाइट लावून, इंजिन बंद ठेवून तो जरासा डावीकडे झुकला तर तो जिवंत आहे.

क्रायस्लरच्या गाड्यांत प्रश्न मोठा होता. १९६० च्या व्हॅलियंटपासून क्रायस्लरने अल्टरनेटर कायमचा दिला, इतरांच्या आधी. पण गाडीचा सगळा प्रवाह इंजिनकडून पत्र्याच्या भिंतीतल्या जोडणीतून डॅशबोर्डवरच्या अँपिअर मीटरमध्ये आणि तिथून परत बॅटरीकडे जाई. काही वर्षांनी त्या जोडण्या काळवंडतात, रोध वाढतो, प्लास्टिक वितळतं आणि डॅशबोर्डमागून धूर येतो. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्याखाली डॉज, डिसोटो आणि प्लिमथ जोडल्या जात. त्या डायनॅमोच्या काळातल्या गाड्यांनाही पूर्ण प्रवाहाचं अँपिअर मीटर होतं. डायनॅमो कमी वीज देतो, त्यामुळे ते निभावलं. अशा गाडीला आज कुणी मोठा अल्टरनेटर लावत असेल तर जुन्या अँपिअर मीटरमधून तो प्रवाह नेऊ नये. जाड तारा अल्टरनेटरवरून थेट बॅटरीकडे, मध्ये योग्य फ्यूज, आणि डॅशबोर्डवर व्होल्टमीटर. त्याला बारीक तार पुरते. इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास, चालू असताना १४ च्या आसपास, हे दोन आकडे लक्षात ठेवले की बॅटरीचीही माहिती मिळते आणि अल्टरनेटरचीही.

आता एक खटकणारी गोष्ट. फोर्डच्या पाच डायलांपैकी तेलाच्या आणि तापमानाच्या डायलवर आकडेच नाहीत. एका टोकाला कमी, दुसऱ्या टोकाला जास्त, मध्ये पट्टा. ज्यांना आकडे हवेत ते डॅशबोर्डखाली तीन छोटे यांत्रिक डायल लावतात. तेलाच्या यांत्रिक डायलमध्ये बूर्दाँची नळी असते. फ्रान्सच्या यूजीन बूर्दाँने १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं. चपटी, वाकवलेली नळी आत दाब वाढला की सरळ होऊ पाहते आणि काटा ओढते. वीज नाही, रोधक नाही, खोटं बोलायला जागाच नाही. पण तिच्यासाठी गरम तेलाची नळी थेट चालकाच्या गुडघ्यापर्यंत आणावी लागते. नायलॉनची स्वस्त नळी फुटली तर तेल गालिच्यावर आणि पायावर. तांब्याची नळी घ्यावी, तिला पत्र्याच्या भोकात रबरी कडं द्यावं, आणि इंजिनच्या हालचालीसाठी एक सैलसा वेढा ठेवावा.

काटा आहे म्हणून तो मोजतोच, हेही गृहीत धरता येत नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात फोर्डने ट्रक आणि मोटारींतला खरा सेंडर काढून पुन्हा दिव्याचाच स्विच लावला, आणि डायलच्या पाठीमागे २० ओहमचा रोधक बसवला. दाब सहा-सात पाउंडांच्या वर आहे एवढं कळलं की काटा मधोमध उभा. बारा पाउंडांनाही मधोमध, साठालाही मधोमध. माझदाच्या मिआटाला १९९० ते १९९४ पर्यंत खरा काटा होता. १९९५ पासून तिथेही असाच सोंगाडा काटा आला. नव्वदीतल्या अनेक गाड्यांचा तापमानाचा काटाही मोठ्या टप्प्यात मध्यावर रोखून धरलेला असतो. कारण समजण्यासारखं आहे. गरम इंजिन सिग्नलला उभं असताना दाब पंधरावर येणं अगदी नैसर्गिक, पण नवा मालक खाली आलेला काटा पाहून घाबरतो आणि गाडी डीलरकडे नेतो. कंपनीने त्यावर शोधलेला उपाय मात्र माहिती लपवण्याचा होता, आणि तो मालकाशी केलेला अप्रामाणिकपणा होता. त्या ट्रकांचे मालक आता उलटा प्रवास करतात: रोधकाला वळसा देतात, स्विच काढतात, जुन्या मॉडेलचा सेंडर लावतात. मिआटावाले पहिल्या चार-पाच वर्षांतला डायल आणि सेंडर शोधून आणतात.

खरा काटा बसल्यावर तो वाचायची सवय लावून घ्यावी लागते. पहिल्याच दिवशी टीवर एक भरवशाचं यांत्रिक डायल तात्पुरतं जोडून त्याचे आकडे आणि डॅशबोर्डवरच्या काट्याची जागा शेजारी शेजारी लिहून ठेवायची: थंड इंजिन सुरू केल्यावर, गरम होऊन सावकाश चालताना, आणि दोन हजार फेऱ्यांवर. तेल कुठल्या ग्रेडचं होतं आणि हवा किती गरम होती तेही लिहायचं, कारण जाड तेलाने आकडा वर जातो. हा कागद ग्लव्ह बॉक्समध्ये राहतो. पुढच्या उन्हाळ्यात त्याच तेलावर, तशाच हवेत गरम इंजिनचा आकडा वीसवरून बारावर आला असेल, तर आधी वास घेऊन तेलात पेट्रोल उतरलंय का पाहायचं, मग पंप, आणि त्यातही काही सापडलं नाही तर संप उतरवून बेअरिंगच्या कवच्या तपासायच्या. त्या वेळेत बदलल्या तर क्रँकशाफ्ट घासायला न्यावा लागत नाही.